आजाऱ्यासाठी रात्री फादरला बोलावताय? या चुका टाळा

रात्री साडेअकरानंतरचा फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो. “काका, फादर हायेत का? बुढीचं काई खरं नाई.” मी विचारतो, कधीपासून? उत्तर येतं, “सोमवारपासून.” त्या दिवशी शुक्रवार असतो.

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे फादरच्या हद्दीतल्या गावांमध्ये, अशा रात्री गाडी मी काढतो. दिवसा वावर आणि मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, रात्री हे. फादर बदलून जातात, नवे येतात, मी तोच आहे. त्यामुळे चुकाही त्याच त्याच बघतो आणि आता कंटाळा आलाय. थोडं तिखट लिहिलं गेलं तर समजून घ्या.

सोमवार ते शुक्रवार

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, म्हणून हिच्यावरच जास्त बोलणार.

लोक अजून ‘शेवटचं तेल’ म्हणतात. फादर तेल घेऊन दारात आले म्हणजे माणूस संपला, पेशंटनं बघितलं तर घाबरेल, म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबायचं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्येच सांगितलं की या संस्काराला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं जास्त योग्य आहे आणि तो फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. साठ वर्षं उलटली, आमच्याकडे ती बातमी अजून पोचायची आहे. आजारामुळे किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका सुरू झाला की वेळ झाली. मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो. माणूस बरा होऊन पुन्हा पडला किंवा त्याच दुखण्यात तब्येत आणखी ढासळली, तर पुन्हा देतात. “मागच्या दिवाळीत तेल झालं ना” म्हणून फोन न करणारे मला दर वर्षी भेटतात.

उशिरानं काय जातं ते नीट समजून घ्या. बोलता येतंय तोवर पापनिवेदन, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली. मग तेल. मग गिळता येतंय तोवर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर. मरणाऱ्याला दिली की तिलाच शिदोरी म्हणतात. खरा शेवटचा संस्कार ही शिदोरी आहे, तेल नाही. पहाटे वावरात जाणाऱ्याला आपण भाकर-ठेचा बांधून देतो की नाही? मग एवढ्या लांब निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं का पाठवता?

एका ऑगस्टमध्ये मेळघाटातल्या एका ढाण्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, फोन आला. 38 किलोमीटर. मधल्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. दीड तास आम्ही अलीकडे गाडीत बसून, हेडलाइट लावून, पाण्यातला एक दगड दिसतो का ते बघत होतो. तो दिसला की पाणी उतरलं. पोचलो तेव्हा तीन वाजले होते. म्हातारी जिवंत होती, पण घशातून पाण्याचा थेंब जात नव्हता, चमच्यानं घातलं की ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. बोलणं दुपारीच बंद झालं होतं. फादरनी तिचा हात धरला, कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, बोटं जराशी आवळली गेली तेवढ्यावर पापमुक्ती दिली. कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. शिदोरी देता आली नाही. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, “मंगळवारपासून इचारत होती जी, फादर आले का म्हून. आमी म्हटलं, तुले काई झालं नाई, कायले बोलवाचं.”

फादरच्या गळ्यातली ख्रिस्तप्रसादाची डबी भरलेलीच परत आली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. एरवीही डबी सोबत असताना आम्ही गप्पा मारत नाही, पण ते गप्प बसणं वेगळं होतं.

म्हणून डॉक्टर “घरी घेऊन जा” म्हणाले की त्याच संध्याकाळी फोन करा. उजेड असतानाच बोलवा, आम्हाला रपटा दिसतो.

याच्या उलट एक चूक: “आता गेली वाटतं, येऊ नका” असं फोनवरच ठरवून टाकणं. जीव गेला की नाही याची शंका असेल तर संस्कार द्यायचा, असाच चर्चचा नियम आहे. खरंच गेली असेल तर फादर तेल लावणार नाहीत, मृतासाठी प्रार्थना करतील आणि घरच्यांजवळ बसतील. दोन्हीसाठी आम्ही येतोच.

चुकीची डबी

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून नव्या पोरांना रागवायचा मला हक्क आहे.

चर्चमध्ये तीन पवित्र तेलं असतात: स्नानसंस्काराआधी (बाप्तिस्म्याआधी) लावायचं, आजाऱ्यांचं आणि क्रिझम. तिन्ही पवित्र आठवड्यातल्या मिस्सेत बिशपांच्या हातून येतात आणि आमच्याकडे तिन्हींच्या डब्या सारख्याच होत्या, अंगठ्याएवढ्या, स्टीलच्या. लाइट गेलेली, मोबाइलचा टॉर्च दातात धरलेला, फादर गाडीत हॉर्न देतायत. मी उचलली एक. पेशंटच्या खाटेशी फादरनी झाकण उघडलं आणि खोलीभर सुगंध पसरला. क्रिझममध्ये बाल्सम म्हणजे सुगंधी डिंक असतं, आजाऱ्यांच्या तेलात नसतं. फादरनी माझ्याकडे एकदा बघितलं. तेवढं पुरे होतं.

मग ते सुनेला म्हणाले, “घरात तेल कोणतं आहे?” ती फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलाची वाटी घेऊन आली. फादरनी विचारलं, “कोरं आहे ना? तळणातलं नको.” ती लाजली, परत गेली, पिंपातून नवं घेऊन आली. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ऑलिव्हऐवजी दुसरं वनस्पती तेलही चालेल अशी मुभा दिली, आणि अडचणीच्या वेळी फादर ते स्वतः आशीर्वादित करू शकतात, मात्र त्याच विधीत. उरलेलं तेल डब्यात परत ओतायचं नाही. आम्ही ते कापसात टिपून अंगणात जाळलं, राख निंबाखाली पुरली. म्हाताऱ्यांचं सगळं नीट झालं. वाटी मात्र सुनेनं घासून वेगळी ठेवली, पुन्हा स्वयंपाकाला घेतली नाही म्हणे.

तेव्हापासून आजाऱ्यांच्या डबीला मी जाड रबर गुंडाळतो. अंधारात बोटाला कळतं. निघण्याआधी झाकण उघडून वास घेतो. एका पोरानं रंगीत डब्यांचा सेट ऑनलाइन मागवू म्हणून सुचवलं. लाइट गेल्यावर रंग कसा दिसतो ते त्यानं मला सांगावं. आणि डबीत कापूस घाला. मे महिन्यात नुसतं तेल पातळ होऊन खिशात उतरतं. कापसाच्या मुलखात राहून हे सांगावं लागतं.

बाकीच्या, भराभर

ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेशी मेणबत्ती लावू नका. क्रूस ठेवा, पांढरं कापड अंथरा, तेवढं बास. एकदा मी पेटलेली काडी हातातून हिसकावून घेतली आहे.

फादर येणार म्हणून शुगरच्या पेशंटला संध्याकाळपासून उपाशी ठेवू नका. ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपास आजाऱ्याला, म्हाताऱ्याला आणि त्यांची सेवा करणाऱ्याला लागू नाही.

पापनिवेदनाच्या वेळी खोलीतून बाहेर व्हा. सगळे. जावईसुद्धा. कोरकू बोलणारा पेशंट असेल आणि त्याची हरकत नसेल तर दुभाषी चालतो, पण त्यालाही गुप्तता फादरइतकीच बांधून ठेवते. मी कितीदा बसलोय. तिथं ऐकलेलं तिथंच राहतं.

वेलांकणीहून आणलेलं तेल श्रद्धेनं लावा, कोण अडवतंय. पण तो संस्कार नव्हे. आजाऱ्यांचा अभ्यंग फक्त बिशप आणि फादर देऊ शकतात, फादरच्या खालच्या पायरीचा डीकनही नाही. 2005 मध्ये रोमनं हे पुन्हा स्पष्ट केलं. फादर खरंच पोचू शकत नसतील तर शिदोरी मात्र नेमलेला प्रापंचिक सेवक आणू शकतो. तेवढं तरी मागा.

वर्धा नदीच्या अलीकडे अमरावतीचा लॅटिन धर्मप्रांत, पलीकडे चंद्रपूरचा सिरो-मलबार; दोन्ही कॅथलिकच, फक्त उपासनेची रीत वेगळी. “ते फादर आपल्यातले नाहीत” म्हणून जवळचे सोडून लांबच्यांना उठवणारे लोक आहेत. मरणाच्या वेळी नदी बघू नका, अंतर बघा.

घरात एकटी म्हातारीच कॅथलिक आणि बाकीचे हिंदू किंवा बौद्ध, असं पुष्कळदा असतं. तिथं आपण तिच्यासाठी गेलेलो असतो. शेजाऱ्यांना उपदेश नको, “बरी होईल” असा वायदा तर मुळीच नको. माझ्यासोबत आलेल्या एका उत्साही पोरानं तो दिला होता, पुढच्या वेळी त्याला मी घरीच ठेवलं.

व्हिडिओ काढू नका. यावर मी आणखी काही बोलणार नाही, लिहिण्यासारखे शब्द नाहीत.

चार मिनिटांत उरकून निघू नका. तेल लागलं, काम झालं, असं नव्यांना वाटतं, आणि त्यांचे हात सारखे गाडीच्या चावीकडे जातात. चहा देतील तो घ्या, शिदोरी देऊन झाली असेल तर. म्हातारा काही बोलला तर पुन्हा विचारू नका, समजलं तेवढ्याला मान डोलवा.

पत्ता सांगताना “पारापाशी या” म्हणू नका, प्रत्येक गावाला पार असतो. खुर्द की बुद्रुक ते सांगा, आणि एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा.

आणि फादरचा नंबर दारामागे खडूनं लिहून ठेवा. मोबाइलमध्ये सेव्ह केलेला असतो तो नेमका म्हाताऱ्याच्याच मोबाइलमध्ये, आणि त्याचं लॉक घरात कुणालाच माहीत नसतं.