साथ पसरू लागलीय आणि दोन दिवस फिरायला जाताय? आधी परतीचं बघा

पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 ला सापडले. 22 ला जनता कर्फ्यू लागला, त्याच दिवशी प्रवासी रेल्वे थांबल्या, 23 ला जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याची घोषणा झाली आणि 25 पासून देशभर लॉकडाऊन. म्हणजे जेमतेम दोन आठवडे. म्हणून साथीच्या सुरुवातीला जायचंच असेल, तर एका दमात घरी पोहोचता येईल इतकंच लांब जा, शक्यतो स्वतःच्या गाडीने.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या मोजून दोन दिवसांच्या घेऊ नका. महिनाभराच्या पट्ट्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. आडगावात नेमकी तीच गोळी मिळेल याचा भरवसा नसतो. खोली घेताना तारीख बदलली तर पैसे परत मिळतील का, हे फोनवर न विचारता मेसेजवर लिहून घ्या.

आणि कळकळीने सांगते, वाटेत गावी म्हाताऱ्या आजी-आजोबांकडे डोकावू नका. कोरोनाची लक्षणं दिसायला 14 दिवसांपर्यंत लागू शकत होती. आपल्याला साधा खोकलाही नसताना आपण आजार त्यांच्या ओसरीवर ठेवून येऊ शकतो. घसा खवखवत असेल तर बॅग भरूच नका.