डोक्यात उवा झाल्या तर: फणी, औषध आणि नवव्या दिवसाची खूण

विदर्भात शाळा उघडतात त्या जूनच्या अखेरीस. उन्हाळाभर मामाच्या गावी नाहीतर लग्नघरी एकाच चटईवर झोपून आलेल्या पोरी वर्गात खेटून बसतात, आणि पोळ्यापर्यंत निम्म्या घरांत सपरीवर डोकी पाहण्याचं काम सुरू होतं. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत दुसरीकडे जाते. रोज न्हाणाऱ्या पोरीलाही ती होते, म्हणून लेकीला रागावण्यात काही अर्थ नाही.

आधी खात्री करा

नुसती खाज आहे किंवा केसांत पांढरं दिसतं, एवढ्यावरून औषध आणू नका. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला डिंकासारखी चिकटलेली असते. पोरीला उजेडात बसवा आणि कानामागचे, मानेवरचे केस बटा करून पाहा. चालती ऊ दिसली तरच उपचार करा. लीख डोक्याच्या कातडीजवळ घातली जाते आणि केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे कातडीपासून बोटभर लांब असलेल्या लिखा बहुतेक रिकामी टरफलंच असतात.

एकीच्या डोक्यात सापडली, तर घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहा. आजीचंही. तिला सगळे विसरतात, आणि नात रात्री झोपते तिच्याच कुशीत. ज्यांच्या डोक्यात उवा दिसतील त्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी करायचा.

फणी

आठवडी बाजारात मिळणारी बारीक दातांची फणी हा सगळ्यात निर्धोक उपाय. अगदी तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठीही हाच पहिला. केस ओले करून भरपूर खोबरेल किंवा कंडिशनर लावा, म्हणजे फणी सहज सरकते आणि उवांना पळता येत नाही. छोटी बट धरून मुळापासून टोकापर्यंत फणी ओढा, दर वेळी पांढऱ्या फडक्याला पुसा. लांब केसांना तासभर लागू शकतो. दर तीन-चार दिवसांनी असं निदान दोन आठवडे करा आणि चालती ऊ दिसते तोवर थांबू नका. शेतीच्या कामांच्या दिवसांत एवढा वेळ कुणाला मिळतो, हे खरं. तेव्हा औषध घ्यावं.

तेल चोपडून रात्रभर डोकं बांधलं की उवा गुदमरून मरतात, यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. ऊ कित्येक तास श्वास रोखून राहू शकते. लिखांना तर तेलाने फारसं काही होत नाही.

औषध लावायचं ते असं

मेडिकलमध्ये पर्मेथ्रिन १ टक्का लोशन मागा. ५ टक्क्यांची क्रीम खरजेसाठी असते, ती नको. दोन महिन्यांखालच्या बाळाला हे लोशन लावू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडे पोरींचे केस तेलाने चपचपीत असतात, आणि औषध वाया जाण्याचं एक कारण तेच. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढा. कंडिशनर लावू नका. केस टॉवेलने टिपून नुसते दमट ठेवा. मग मुळांपासून लोशन चोळा, कानामागे आणि मानेवर विसरू नका, डोळ्यांवर फडकं धरा. १० मिनिटांनी पोरीला ओणवं करून फक्त डोकं धुवा. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको, तेलही नको.

दुसऱ्या दिवशी उवा मंदावलेल्या दिसल्या तर औषध लागू पडतंय; उरलेल्या फणीने काढा. आधीसारख्याच पळत असतील, तर त्या या औषधाला सरावल्या आहेत. तेच पुन्हा पुन्हा थापू नका, डॉक्टर दुसरं देतील. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या त्यांनीच वजन पाहून द्याव्यात. १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत.

नववा दिवस

बहुतेक घरी इथेच चुकतं. पर्मेथ्रिन उवा मारतं, सगळ्या लिखा मारत नाही. लीख ७ ते १० दिवसांत फुटते, आणि निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस लागतात. या मधल्या काळात, नवव्या दिवशी, दुसरा हात लावला की पिढीच तुटते. औषध लावलं त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

हे डोक्याला लावायचं नाही

घरात ठेवलेलं कपाशीचं फवारणीचं औषध थोडं पाण्यात मिसळून लावलं तर काय बिघडतं, असं म्हणणारे अजून भेटतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, हे विसरायला नको. ही विषं कातडीतून अंगात भिनतात, आणि पोराचं अंग केवढंसं. चुकून लावलंच आणि लाळ, घाम, उलटी, अंगाला झटके किंवा धाप दिसू लागली, तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. गुरांच्या गोचिडाचं औषधही याच यादीत.

रॉकेल चुलीजवळ पेट घेतं. सीताफळाच्या बियांची पूड तर आपल्याकडचा जुनाच उपाय. तिच्याने उवा मरतातही, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते. कडुनिंबाचं तेल आणि कापूर लहान मुलांच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात, म्हणून हाताला लागेल असे ठेवू नका.

घरभर फवारा मारू नका. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, ओढण्या, टॉवेल गंजात पाणी कढवून भिजवा आणि उन्हात टाका. रिबिनी, फणी यांनाही तेच.

खाजवून फोड आले, पू झाला किंवा मानेला गाठी आल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताईंना आधी विचारलं तरी चालेल. उपचार सुरू झाला की पोरीला दुसऱ्याच दिवशी शाळेत पाठवा. केस कापायची गरज नाही. औषधानंतर काही दिवस खाज राहते; नवव्या दिवसाच्या दुसऱ्या हातानंतर फणीला जिवंत ऊ लागत नसेल तर पुन्हा औषध लावू नका.