डायक्लोफेनॅक घेतली की पोटात आग पडायची, कशी थांबली (माझा अनुभव)
कंबरदुखीला डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक 50 दिली, दिवसातनं दोनदा, आणि चौथ्या दिवसापासनं छातीखाली अशी आग की झोप नाही. थंड दूध प्यालो, चहा-बिस्किटावर गोळी घेतली, मग अर्धी मोडून घेतली, हे तर सगळ्यात चुकीचं कारण तिचं कोटिंग आतड्यात विरघळायसाठी असतंय, मोडलं की गोळी जठरातच सुटते. लई वैताग आला.

शेवटी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांकडं गेलो. डोकं दुखलं की मेडिकलातनं आणून घ्यायचो त्या गोळीच्या मागं बारीक अक्षरात आयब्युप्रोफेन, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं पोटात! ती आधी बंद केली. मग त्यांनी सांगितलं तसं, सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल 40 (पोटातलं आम्ल कमी करायची गोळी), अर्ध्या तासानं पोटभर भाकरी-भाजी, त्यावर लगेच अख्खी डायक्लोफेनॅक ग्लासभर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, मी रंकाळा तलावावर फेरी मारतो. रात्रीची पण जेवूनच. तांबडा रस्सा तेवढे दिवस बंद. तीन दिवसांत जळजळ गेली.

शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा, आणि बीपी, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.