एक्झॉस्ट टेम्परेचरचा मीटर खोटं बोलतोय? पाना उचलण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी ड्रायव्हरला चहा पाजा आणि काटा नेमकं काय करतो ते विचारा. मरून पडलाय, टोकाला चिकटलाय, खड्ड्यात उडतो, की गाडी तापली की उलटा खाली येतो? नुसतं ‘मीटर गेला’ एवढ्यावर काम सुरू केलं की नवा प्रोब (एक्झॉस्टमध्ये बसणारा, तापमान टिपणारा दांडा) बसतो, जुना चांगला प्रोब भंगारात जातो आणि काटा होता तिथंच राहतो. भरल्या गाडीला खंबाटकी चढताना टर्बोच्या आधीचा प्रोब 700 अंशांच्या वर टिकून राहत असेल, तर मीटर खराच असेल असं धरून एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज आणि क्लॅम्प आधी बघा. प्रोब टर्बोच्या आधी आहे की नंतर, हेही लिहून ठेवा. नंतर बसवला तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी सहज कमी दिसतो आणि तो बिघाड नसतो.

काम सकाळी काढा, गाडी रात्रभर उभी राहिलेली असू द्या. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) वरून थंड दिसतो, पण हात भाजल्यावर कळतं. चाकांना ठोकळे लावा. वायरिंग सोडायची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्रोबच्या नटावर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर आटे प्रोबसकट बाहेर येतात. परत बसवताना आट्यांना लावायला कॉपर ग्रीस हाताशी ठेवा.

हत्यारांत मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर हवाच. प्रोब म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. के टाइपचा असेल, आणि बहुतेक तोच असतो, तर एका अंशाला साधारण 0.04 मिलिव्होल्ट मिळतात. त्यामुळे 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प इथं काहीच सांगत नाही. किटलीत पाणी उकळायची सोय करा. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. गॅरेजमध्ये 30 अंश असतील, तर टोक पाण्यात बुडवल्यावर प्रोबच्या दोन तारांवर पावणेतीन ते तीन मिलिव्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसले तर प्रोबला दोष देऊ नका.

मीटर तपासायला तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा पुरतो. प्रोबच्या वायरी काढून मीटरच्या त्या दोन टर्मिनलवर तो तुकडा जोडा. मीटर चांगला असेल तर केबिनचंच तापमान दाखवेल. मीटरवरचे आकडे केबिनच्या तापमानाच्या वरूनच सुरू होत असतील तर काटा तळाशी बसेल, तेही ठीक.

बहुतेक घोटाळा मधल्या वायरीत सापडतो, म्हणून तयारीतला जास्त वेळ तिला द्या. कुठल्या तरी वायरमनने तुटलेली वायर साध्या तांब्याच्या वायरीने जोडलेली असते. तो जोड इंजिनजवळ 90 अंशांवर आणि केबिन 35 वर असेल, तर काटा 55 अंश कमी दाखवतो आणि तरीही बिनतक्रार फिरत राहतो. बंद पडलेल्या मीटरपेक्षा हा जास्त घातक, कारण ड्रायव्हर त्याच्यावर विश्वास ठेवतो. म्हणून के टाइपचीच वायर, लागेल त्याहून हातभर जास्त, आणि चांगले लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे जोड) आधीच आणून ठेवा.

रंगांनी फसू नका. अमेरिकन पद्धतीच्या वायरीत पिवळी प्लस आणि लाल मायनस असते. लाल म्हणजे प्लस हे आपल्या हाताला इतकं बसलेलं असतं की इथं चूक ठरलेलीच. युरोपियन वायरीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. रंग उडाले असतील तर जुन्या स्पीकरचा लोहचुंबक खिशात टाका. थंड असताना मायनसची तार त्याला हलकीच ओढली जाते, प्लसची जात नाही. प्रोबकडे आणि मीटरकडे अशा दोन्ही टोकांना उलटी जोडलेली वायर पकडायला हीच युक्ती उपयोगी, कारण तिथं काटा सरळच वर चढतो, फक्त आकडा चुकतो.

गाडी बीएस-6 असेल आणि तक्रार कंपनीच्या सेन्सरची असेल, तर वरची मिलिव्होल्टची तपासणी सरसकट लावू नका. त्यातले काही सेन्सर प्लॅटिनमचे असतात, ते ओहममध्ये मोजायचे. तिथं आधी स्कॅनर लावून कोड वाचा.

शेवटी टायची पाकिटं आणि उष्णता झेपणारी स्लीव्ह घ्या. नवी वायर टर्बोपासून लांबून न्या आणि केबिन उचलून बघा, कुठं दबत तर नाही ना. खड्ड्यात उडणाऱ्या काट्याचं कारण पुष्कळदा वायर दबते त्याच वळणावर सापडतं.