बंद पडलेला जनाना दवाखाना लोकांसाठी उघडायचा असेल तर

आमच्या गावात त्याला सगळे ‘जनाना’च म्हणतात. दगडी इमारत, चारी बाजूंनी व्हरांडा, वर मंगलोरी कौलं. मी तिथे ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये. नवी इमारत झाल्यावर जनान्याला कुलूप लागलं. पुढे अकरा वर्षांनी, १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात, आम्ही तो दोन दिवस लोकांसाठी उघडला. त्यानंतर दोन गावांहून फोन आले, की आमच्याकडेही असंच बंद पडलेलं बायकांचं हॉस्पिटल आहे, तुम्ही कसं केलंत ते सांगा. म्हणून हे लिहिते आहे.

किल्ली मागायच्या आधी बायकांना बोलवा. जिथे काम केलं त्या सिस्टर, आया, सफाईच्या मावशी, गावातल्या जुन्या सुईणी, आणि जिथे बाळंत झाल्या त्या बायका. आम्ही चौदा जणी देवळाच्या सभामंडपात बसलो. नकाशा समोर होता. त्यावर मागच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत ‘स्टोअर’ असं लिहिलेलं. एक मावशी म्हणाली, “तिथे कुणाला नेऊ नका बाई.” मेलेलं जन्मलेलं बाळ नातेवाईक येईपर्यंत त्या खोलीत ठेवायचे. नकाशावरून काम केलं असतं तर आम्ही तिथे चहाचं टेबल मांडलं असतं. शेवटी ती खोली बंदच ठेवली. पण दोघी जणींनी विचारलं, की आम्हाला एकदा आत बसू द्याल का? त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी सकाळी, फाटक उघडायच्या तासभर आधी, दार उघडलं. बाहेर कुणी थांबलं नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगते. आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा, म्हणजे मालक कोण ते कळेल: आरोग्य खातं, नगरपालिका, जिल्हा परिषद की एखादा ट्रस्ट. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा दाखला अर्जासोबतच जोडा. आमची फाइल एका कार्यालयातून तीनदा परत आली, तिन्ही वेळा याच कागदासाठी. सात महिने गेले. वीज जोडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या वायरिंगचा भरवसा नाही. दहा ते चार, उजेडात जेवढं होईल तेवढंच ठेवा. वरच्या झरोक्यांमुळे अशा जुन्या वॉर्डात दुपारी छान उजेड असतो. भिंतीचे पोपडे पडले असतील तर सिमेंट लावू देऊ नका. सिमेंटमुळे चुन्याच्या भिंतीत ओल अडकते आणि दगड खराब होतो.

आता साफसफाई. इथे घाई करू नका, कारण कपाटात काय निघेल सांगता येत नाही. फुटलेले थर्मामीटर आणि बीपीची जुनी यंत्रं असतील तर पारा सांडलेला असतो. झाडू मारू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नको, त्याने पारा हवेत जातो. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, जाड कार्डाने थेंब एकत्र करा, ड्रॉपरने उचलून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि वैद्यकीय कचरा नेणाऱ्या अधिकृत माणसाच्या हाती द्या. बायकांच्या हॉस्पिटलात आणखी एक धोका असतो तो रेडियमचा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर पूर्वी रेडियमच्या सुया वापरत. त्यातला किरणोत्सर्ग निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात. छोटी पण हाताला भलतीच जड अशी शिशाची पेटी दिसली तर उघडू नका, खोली बंद करा आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. जुन्या बंद एक्स-रे मशीनची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. वीज नसेल तर त्यातून किरण येत नाहीत.

अवयव किंवा गर्भ टिकवून ठेवलेल्या फॉर्मॅलिनच्या बरण्या निघाल्या तर त्या प्रदर्शनात मांडू नका. मुलांना शिकायला मिळेल, असं कुणीतरी म्हणेलच. त्यात जे आहे ते कुणाच्या तरी पोटातलं आहे. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागाशी बोलून रीतसर सोपवा.

तीच गोष्ट रजिस्टरांची. आमच्याकडे जन्माची बावीस रजिस्टरं निघाली. जाड कापडी बांधणी, निळी शाई, सहीच्या जागी अंगठे. बघणाऱ्याला वाटतं, एखादं पान काचेखाली ठेवावं. ठेवू नका. एका पानावर नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा असतो, दुसऱ्यावर ‘सोडून गेली’ असा शेरा असतो, आणि ती बाई किंवा तिची लेक अजून याच गावात भाजी घ्यायला येते. गर्भपाताची नोंद तर कायद्यानेच गोपनीय असते. लंडनमधल्या ज्या हॉस्पिटलबद्दल पुढे सांगते, त्याचे कागद तिथल्या शहराच्या अभिलेखागारात आहेत. तिथे रुग्णांच्या नोंदी शंभर वर्षं बंद ठेवतात. तो नियम आम्ही उचलला. रजिस्टरं मिटलेली, एकावर एक रचून ठेवली, पाठीवरची वर्षं दिसतील अशी. तेवढं पुरतं.

मग दाखवायचं काय? आम्ही फिटोस्कोप, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायच्या नळ्या, ठेवले, दोन ॲल्युमिनियमचे आणि एक लाकडी. पितळी घंटा, किडनी ट्रे, तराजू यांपुढे लोक अर्धा मिनिट थांबतात. फिटोस्कोपपाशी रांग लागली. कर्ण्यासारखं तोंड समोरच्या बाईच्या छातीवर टेकवायचं, दुसऱ्या चपट्या टोकाला कान लावायचा आणि हात सोडून द्यायचा. हात सोडला नाही तर बोटांची खरखर ऐकू येते. आधी काहीच नाही, मग खोलवरून ठोका येतो. पोटातल्या बाळाचा ठोका याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने, मिनिटाला १२० ते १६०, हे मी तिथेच सांगायची. एका कॉलेजच्या मुलीने आईचा ठोका ऐकला आणि कान काढेचना.

इतिहासाचे फलक लिहिताना लोक देणगीदारांपासून सुरू करतात. आधी हे सांगा, की बायकांसाठी वेगळा दवाखाना लागलाच का. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका घरीच मरत होत्या. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांचा डफरीन फंड निघाला तो याच कारणासाठी. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला लोक अजून ‘डफरीन’ म्हणतात. मुंबईचं कामा हॉस्पिटल १८८६ चं, आणि तिथे पहिल्यापासून स्त्री डॉक्टर होत्या.

लेकीकडे लंडनला गेले असताना मी यूस्टन रोडवरची लाल विटांची इमारत पाहिली. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी १८६६ मध्ये गरीब बायका-मुलांसाठी दवाखाना काढला, १८७२ मध्ये त्याचं हॉस्पिटल झालं आणि १८९० मध्ये ते या जागी आलं. डॉक्टर सगळ्या बायकाच. आपल्या डॉक्टर रखमाबाई लंडनला शिकत होत्या तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या डीन याच बाई. आता तिथे युनिसन या कामगार संघटनेचं मुख्यालय आहे, आणि जुन्या भागात लोकांसाठी दालन आहे. १९७६ मध्ये हॉस्पिटल बंद करायचं ठरलं, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी जागा न सोडता रुग्णसेवा चालूच ठेवली होती. दवाखाना काढणारीइतकाच तो राखणाऱ्यांचाही मान. परत आल्यावर मी आमच्या फलकावर आया आणि मावशींची नावं घातली, प्रत्येकीला किंवा तिच्या घरच्यांना विचारून.

प्रत्यक्ष दिवशी बारा-बारा जणांचे गट करा, एका गटाला पंचवीस मिनिटं. लेबर रूममध्ये मोबाइल बाहेर काढू देऊ नका. म्हाताऱ्या बायका जास्त येतात, त्यांच्यासाठी खुर्च्या, पाणी आणि चालू स्थितीतलं संडास हवंच. एखादी अचानक रडू लागते. तिच्यापाशी बसायला दोन अनुभवी सिस्टर वेगळ्या ठेवा, त्यांना दुसरं काम देऊ नका. पुरुषांचाही विचार करा. दवाखाना चालू होता तेव्हा आमच्याकडे व्हरांड्यापुढे त्यांना मनाई होती. बाप बकुळीखाली बसून राहायचे. एक आजोबा पहिल्या दिवशी उंबऱ्याशी येऊन चपला काढून उभे राहिले. चार मुलं झाली, पण आत कधी गेलो नाही, म्हणाले. शेवटी एका मावशीने त्यांचा हात धरला आणि आत आणलं. ते बाळंतपणाच्या टेबलाकडे बराच वेळ बघत होते. आम्ही तो गट थांबवून ठेवला.

फाटकापाशी एक वही ठेवा, आणि बोलायला तयार असलेल्यांचे फोन नंबर वेगळ्या कागदावर घ्या. वहीत सगळ्यांना दिसतील असे नकोत. त्या महिन्यातच जाऊन त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करा. आमच्या यादीतल्या एक आजी जानेवारीत गेल्या, आणि त्यांच्याकडे जायचं राहून गेलं.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी वस्तू यादीप्रमाणे मोजा. दोन जणींनी मोजायचं आणि दोघींनी सही करायची, ड्यूटी बदलताना औषधांचं कपाट मोजायचो तसं.