कोकणच्या दमट हवेत घट्ट कुरळ्या केसांसाठी लीव्ह-इन कंडिशनर कसं निवडायचं

लीव्ह-इन म्हणजे न्हाऊन झाल्यावर लावून न धुता केसावर तसंच ठेवायचं कंडिशनर. आधी कुठल्या केसांबद्दल बोलतोय ते सांगते. नुसत्या लाटा पडतात ते केस नाहीत, ज्यांच्या पेन्सिलीएवढ्या नाहीतर त्याहून बारीक रिंगा होतात, ओले असताना खांद्याच्या खाली येतात आणि सुकले की कानाशी जाऊन बसतात, फणी घातली की फणीचेच दात जातात, ते. अमेरिकेतली टीव्हीवाली ओप्रा विन्फ्री, तिचा हेअरस्टायलिस्ट आन्द्रे वॉकर याने केसांचा १ ते ४ असा तक्ता केलाय, १ म्हणजे सरळ आणि ४ म्हणजे सगळ्यात घट्ट, त्यातही ४ए, ४बी, आणि नंतर इतरांनी जोडलेला ४सी. आपल्याकडे सगळ्यालाच "कुरळे" म्हणून मोकळे होतात, त्यामुळे दुकानात मागायला गेलं की लाटांच्या केसांची क्रीम हातात येते.

कोकणात असे केस कुठे असतात असं कोणी विचारलं तर हसायला येतं. जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य थेट १९४८ पर्यंत होतं, या किनाऱ्यावर आफ्रिकेतनं माणसं शेकडो वर्षं येत होती, आणि ते सोडलं तरी कितीतरी घरांत एखादी मुलगी अशी असतेच जिला प्रत्येक लग्नात कोणीतरी आजी गाठून म्हणते "गो चेडवा, केसांक तेल लाव जरा". तेलाचं पुढे बोलू.

तर लीव्ह-इनबद्दल नेटवर जी चांगली माहिती मिळते ती बरीचशी आफ्रिकन-अमेरिकन बायकांनी दिलेली आहे आणि ती जरूर बघा, या केसांचं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हवा त्यांच्या गावची आहे. शिकागोच्या थंडीत हीटर लावलेल्या घरात हवा कोरडी ठाक असते, आणि आमच्या वेंगुर्ल्यात जुलैत टॉवेल दोरीवर टाकला तर तो वाळायचं नावच घेत नाही. तीच बाटली तिथे केस मऊ करते आणि इथे चिकट झाड करून ठेवते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की केसांच्या नंबरावरून बाटली घेऊ नका, हवा कुठली चालू आहे ते बघून घ्या.

लीव्ह-इन लागतं तरी कशाला? डोक्याच्या कातडीतून जे तेल सुटतं ते सरळ केसावरून टोकापर्यंत आरामात उतरतं, पण घट्ट रिंगांच्या केसात त्याची गत आंबोली घाटातल्या लोड गाडीसारखी होते, प्रत्येक वळणावर दमछाक, टोकापर्यंत काही पोचत नाही. वर हा केस गोल नसतो, चपटा असतो, आणि जिथे जिथे पीळ पडतो तिथे तो नाजूक असतो, तिथेच तुटतो. धुवून टाकायचं कंडिशनर गुंता सोडवायला ठीक आहे, पण ते पाण्याबरोबर बरंचसं जातं. लीव्ह-इन केसावर राहतं, घासणं कमी करतं आणि ओलावा धरून ठेवायला मदत करतं. मग नेहमीचंच कंडिशनर न धुता ठेवलं तर? नको. ते धुवायच्या हिशोबाने बनवलेलं असतं, आणि त्यात काही प्रिझर्व्हेटिव्ह असतात जी अंगावर दिवसभर राहिली तर खाज आणतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्यातलं एक, अंगावर राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये ते घालायला युरोपात २०१७ पासून बंदी आहे, पण धुवायच्या शाम्पू-कंडिशनरमध्ये अजून चालतं. लीव्ह-इनच्या बाटलीवर हे नाव दिसलं तर मी ती परत ठेवते.

बाटली बघायच्या आधी दोन गोष्टी घरीच बघा. एक म्हणजे केस पाणी पितो किती. ग्लासात केस टाकून बुडतो की तरंगतो बघायची ती टेस्ट सोडा, केसाला जरा तेल असलं तरी ती चुकते. त्यापेक्षा न्हाताना लक्ष द्या, पाणी केसावरून मोती होऊन घसरतंय, भिजायलाच वेळ लागतो आणि मग सुकायलाही अर्धा दिवस, तर तुमचा केस बंद आहे, त्याला पातळ लोशन किंवा स्प्रे हवा, जाड बटरवालं क्रीम वरच बसून राहील. उलट केस लगेच भिजतो आणि लगेच सुकतो, टोकं खरखरीत लागतात, कलर किंवा स्ट्रेटनिंग झालेलं आहे, तर केस उघडा आहे, त्याला क्रीम चालेल, थोडं प्रोटीनही चालेल.

दुसरं म्हणजे पाणी. हे कोणी सांगत नाही. जांभ्या कातळातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ असतं, साबणाला भरपूर फेस येतो. पण अगदी समुद्राला लागून घर असेल आणि मे महिन्यात विहीर मचूळ होत असेल तर क्षारांचा थर केसावर बसतो, मग वर कितीही भारी लीव्ह-इन लावा, केस काथ्यासारखाच लागणार आणि दोष बाटलीला जाणार. अशा घरात महिन्यातून एकदोनदा ईडीटीए (क्षार सोडवून काढणारा पदार्थ) असलेला शाम्पू वापरा, आणि शेवटचा एक तांब्या पावसाचं नाहीतर गोड्या पाण्याचं घ्या.

आता बाटली उलटी करा. पुढे काय लिहिलंय ते वाचूच नका, नारळ आणि शिया बटरचे फोटो फुकट असतात. मागची यादी जास्तीकडून कमीकडे जाते. पहिलं नाव पाणी असलंच पाहिजे, म्हणजे वॉटर किंवा अ‍ॅक्वा, कारण ओलावा पाण्यातूनच येतो, तेलातून नाही. यादीत फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह बऱ्याचदा असतं, ते साधारण १ टक्क्याच्या वर घालत नाहीत, म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे काही लिहिलंय, आर्गन तेल असो की केशर असो, ते सगळं नावापुरतं. ही खूण एकदा कळली की बऱ्याच महाग बाटल्या आपोआप खाली ठेवल्या जातात.

पाण्यानंतर पहिल्या पाचसहा नावांत बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम यातलं काही दिसलं पाहिजे. खरं कंडिशनर ते. त्यांच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि खराब झालेल्या केसावर निगेटिव्ह, म्हणून ते चिकटून राहतं आणि बोटं सुळकन जातात. घट्ट केसाला ही सुळसुळ सगळ्यात महत्त्वाची, कारण निम्मा केस गुंता काढतानाच तुटतो. सेटाइल, सेटेरिल, स्टिअरिल अल्कोहोल बघून घाबरू नका, ती मेणासारखी असतात आणि केस मऊ करतात. अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल वरच्या नंबरात असेल तर मात्र नको.

आता मुख्य मुद्दा, ग्लिसरीन. ग्लिसरीन, मध, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल ही सगळी हवेतलं पाणी ओढणारी मंडळी. हवा मध्यम असली की ती केसाला ओलावा आणून देतात, फार कोरडी असली की उलटी केसातलंच ओढतात. आणि मृग लागल्यापासून ते भात कापणीला येईपर्यंत आपल्या हवेत पाणीच पाणी, तेव्हा ती ओढतच राहतात, ओढतच राहतात, केस फुगतो, वरचे खवले उघडतात, रिंगा विस्कटतात, आणि हात लावला की चिकचिक. म्हणून पावसाळ्यासाठी बाटली घेताना ग्लिसरीन पहिल्या चारपाच नावांत नको, मागे कुठेतरी असलं तर हरकत नाही. त्याऐवजी केसावर पातळ पापुद्रा धरणारं काहीतरी हवं, जवसाचा अर्क, पॉलीक्वाटर्नियम, नाहीतर सरळ सिलिकॉन. हो, सिलिकॉन. नेटवर त्याला इतक्या शिव्या घालतात, पण कोकणच्या पावसात बाहेरची दमट हवा केसात शिरू नये यासाठी अमोडायमेथिकोन हे सिलिकॉन जे करतं ते बऱ्याच "नॅचरल" गोष्टी करत नाहीत. अट एकच, अधूनमधून नीट फेसाच्या शाम्पूने धुवा, नुसत्या कंडिशनरने धुणाऱ्यांनी सिलिकॉनच्या वाटेला जाऊ नये, थर साचतो.

दिवाळी झाली, सकाळी मतलई वारा सुटला, ओठ फुटायला लागले की हिशोब बदलतो. तरी आपली हवा शिकागोइतकी कोरडी होत नाही, म्हणून तेव्हा थोडं ग्लिसरीन, कोरफड, पॅन्थेनॉल असलेलं क्रीम काढा, वर तेलाचा हात फिरवा. म्हणजे दोन बाटल्या लागतात, एक पावसाची आणि एक थंडीची. खर्चिक वाटतं पण दोन्ही छोट्या घ्या, अर्धं वर्ष पुरतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात मी पावसाळ्यातलीच वापरते, घामाने केस तसाही ओला असतो.

प्रोटीनबद्दल थोडक्यात. हायड्रोलाइज्ड व्हीट, सिल्क, केराटिन अशी नावं असतात. केस ओला असताना रबरासारखा ताणला जाऊन तुटतो तर प्रोटीनवालं घ्या. आधीच काडीसारखा कडक लागतोय तर दूर राहा.

आता तेल, कारण कोकणात राहून नारळाला टाळता येत नाही. २००३ साली मॅरिको या तेल कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात केसातलं प्रोटीन वाहून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक अ‍ॅसिड लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. म्हणजे आजी चुकीची नाही. पण खोबरेल हे लीव्ह-इन नाही, त्यात पाणी नाही आणि चिकटून राहून गुंता सोडवणारं काही नाही. ते न्हायच्या आदल्या रात्री लावा, तिथे त्याला तोड नाही. आणि कोकमतेल, आमच्याकडे भिरंडेल म्हणतात, टाचांच्या भेगांना लावतात ते, हे कोकणाचं खरं धन आहे. शिया बटरपेक्षा कडक, आपल्या उन्हातही घट्ट राहतं, आणि तेलकट कमी वाटतं. बाटलीवर गार्सिनिया इंडिका सीड बटर असं लिहितात. थंडीच्या क्रीममध्ये ते दिसलं तर खुशाल घ्या, किंवा चिमूटभर तळहातावर वितळवून लीव्ह-इनच्या वर नुसतं टोकांना लावा.

घरच्या घरी करता येईल का हा प्रश्न येणारच. जास्वंदीची पानं चुरून जो बुळबुळीत रस निघतो तो गुंता सोडवायला एक नंबर आहे, पण तो लावून धुवा. बाटलीत भरून ठेवू नका. नारळाचा रस तर नकोच, आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत आंबतो, आणि आंबलेला रस डोक्यात घेऊन शाळेत मुलांना शिकवायला उभं राहणं कोणाच्या नशिबी येऊ नये. प्रिझर्व्हेटिव्हशिवाय पाण्याची कुठलीही गोष्ट टिकत नाही.

लावायची पद्धतही निवडीचाच भाग आहे कारण चुकीचं लावलं की चांगलं प्रॉडक्टही वाईट वाटतं. न्हाऊन आल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुना सुती टी-शर्ट घ्या, पाणी टिपा, ठिबकणं थांबलं पण केस चांगला ओला आहे अशा वेळी लावा. डोक्याचे चार ते सहा भाग करा, एकेका भागाला बदामाएवढं क्रीम, आधी टोकांना, मग वर. बोटांनीच गुंता सोडवा, फणी वापरायचीच तर मोठ्या दातांची आणि टोकाकडून मुळाकडे. मुळांना आणि कातडीला लावू नका, पावसाळ्यात कातडी आधीच ओलसर, कोंड्याची बुरशी तेवढीच वाट बघत असते. आणि ओले केस घट्ट वेणीत बांधून एसटी पकडायची सवय असेल तर ती सोडा, कुबट वास तिथूनच येतो. पंख्याखाली बसा, घाई असेल तर ड्रायर थंड हवेवर.

नवीन बाटली घेतली की लगेच पूर्ण डोक्याला नको. एका बाजूला नवीन, दुसऱ्या बाजूला जुनी, आणि मग नेहमीच्या उद्योगाला लागा, स्कूटीवर हेल्मेट घाला, बाजारात जा, बंदरावर वाऱ्यात उभे राहा. संध्याकाळी दोन्ही बाजूंना हात लावून बघा. आरशात सकाळी सगळंच छान दिसतं, निकाल संध्याकाळचा. तारकर्लीला पोहायला जाणार असाल तर आधी केस गोड्या पाण्याने भिजवून लीव्ह-इन लावा, भिजलेला केस खारं पाणी कमी ओढतो, आणि बाहेर आल्यावर लगेच धुवा.

मिळतं कुठे? तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुतेक "स्मूथ अँड स्ट्रेट"वालीच सिरम असतात, ती घेऊ नका. फिक्स माय कर्ल्ससारखे भारतीय ब्रँड ऑनलाइन मिळतात, कॅन्टूचं शिया बटरवालं लीव्ह-इन पण मिळतं, ते जाड आहे, थंडीला बरं. पिनकोड टाकून आधी बघा येतं का, नाहीतर मुंबईवाले गणपतीला येतात तेव्हा त्यांच्या बॅगेत सांगून ठेवा. एमआरपीचं स्टिकर आणि बनवल्याची तारीख तपासा, बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२एम असं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. बाथरूमच्या खिडकीत उन्हात ठेवू नका, कपाटात ठेवा, आणि ओला हात डबीत घालण्यापेक्षा पंपाची बाटली घेतलेली केव्हाही बरी.