ड्रायर घेताय? आधी विजेचं बघा
कपडे वाळवायचा ड्रायर घ्यायचा तर तो हीट पंपवाला आहे का ते आधी विचारा, रंग आणि बटणं नंतर बघू. साधा ड्रायर हीटरने हवा तापवतो आणि ती गरम दमट हवा सरळ बाहेर सोडून देतो, हीट पंपवाला मात्र तीच हवा आतल्या आत फिरवतो, फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरने तिच्यातलं पाणी काढतो आणि उष्णता परत वापरतो, म्हणून वीज साधारण निम्मीच लागते. महाग असतो आणि वेळही जास्त घेतो, घाईवाल्यांची चिडचिड होणार. पण तापमान कमी, त्यामुळे कपडे कमी आटतात.

मॉइश्चर सेन्सर, म्हणजे कपड्यांतला ओलावा ओळखून ते वाळले की मशीन थांबवणारा, हवाच हवा. नुसता टायमर असला की आपण अंदाजपंचे दीड तास लावतो आणि टीशर्ट कधीच वाळून कडकडीत झालेला असतो.

आणि खरी बचत तर वॉशिंग मशीनमध्येच आहे बरं का, स्पिन (कपडे पिळताना ड्रमच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ८०० ऐवजी १२०० किंवा १४०० वर ठेवा, पाणी पिळून काढणं हे तापवून उडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांतून सुटणारे तंतू अडकवणारी ड्रायरमधली जाळी, पटकन निघतो का ते दुकानातच काढून बघा. मी आठवडाभर साफ करायला विसरले तर आतून अक्षरशः गोधडी निघाली, तोवर कपडे दमटच येत होते.